आंब्याची कोय कोणी पुरली

सायवनच्या बाजारात भिकी बसली की तिच्या आजूबाजूची हातभर जागा मोकळी राहायची. लोक तिला टाळत होते म्हणून नव्हे हो, तिला हातवारे करायला जागा लागायची म्हणून. समोर फडक्यावर करटुली, शेवळं, पाऊस सरला की वाल, असं जे काय रानात नि शेतात सापडेल ते. गिऱ्हाइकानं भाव पाडून मागितला की ही बाई आधी त्याच्याकडे बघायची, मग त्याच्या चपलांकडे बघायची आणि म्हणायची, "डोंगर तू चढलास काय? काटा तुझ्या पायात मोडला काय?" मग जी जुंपायची ती जुंपायची. आणि सगळं भांडून झाल्यावर, पिशवी बांधता बांधता ती एक मूठ वर टाकायची. जो मुकाट्यानं पैसे देऊन जायचा त्याला ती मूठ कधी मिळाली नाही. "तो काय पुन्हा यायचा नाय," असं तिचं म्हणणं.

नवरा गेला तेव्हा लाहू रांगत होता. भिकीनं डहाणूच्या चिकूच्या वाड्यांत काम केलं, दिवाळीनंतर गवतकापणीला गेली, चार महिने स्वतःचा भातशेतीचा तुकडा सांभाळला. एसटीत टोपलीचं तिकीट मागणाऱ्या कंडक्टरशी भांडली, मजुरी उशिरा देणाऱ्या मुकादमाशी भांडली, आणि लाहूला मारणाऱ्या मास्तरशी तर अशी भांडली की मास्तर पुढं तिला बघून शाळेच्या मागच्या दारानं जायचा. तेवढ्या बळावर तिनं घर उभं ठेवलं.

अशा घरात जमना सून म्हणून आली. जमनाच्या माहेरी सगळे हळू बोलणारे. पहिले काही महिने पोरीनं चुलीपुढं बसून नुसती आसवं गाळली. "भाकरी हाय का पायातली वहाण?" असं सासूनं म्हटलं की हिच्या डोळ्यांना धार लागायची. एक दिवस मात्र काय झालं कोण जाणे, जमनानं परात आपटली आणि म्हणाली, "नागली तू दळलीस. पीठ जाडं तर भाकरी जाडी. पातळ पायजे तर जात्याशी भांड, माझ्याशी नको."

भिकी कमरेवर हात ठेवून तिच्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, आणि भाजलेल्या सुक्या बोंबलाचा डोक्याकडचा मोठा तुकडा तिनं सुनेच्या भाकरीवर ठेवला. जमना त्या दिवशी त्या घरची झाली. पुढं दोघी रोज भांडल्या, मिठावरून, कोंबड्यांच्या खुराड्यावरून, दाराशी चपला कुठल्या बाजूला काढायच्या यावरून. लाहू बिचारा भिंतीला टेकून विडी ओढत बसायचा. त्याला दोन्हीकडून सवय झाली होती.

पण भिकीचं खरं भांडण, वर्षाचं, सणासारखं, ते तिच्या भावाशी असायचं. भाऊ चिमण, तिच्याहून थोडा धाकटा, तलासरी तालुक्यात उधव्याच्या पलीकडच्या पाड्यावर राहायचा. त्याच्या विहिरीजवळ एक रायवळ आंबा आहे. लहानपणी त्याची कोय कोणी पुरली, हे भांडण. भिकी म्हणायची, मी पुरली आणि पोहऱ्यानं पाणी घालून वाढवली. चिमण म्हणायचा, मी पुरली, तू फक्त बघत होतीस. आईबाप कधीच गेलेले, तेव्हा खरंखोटं सांगणारं कोणी नाही. दर वैशाखात भिकी टोपली घेऊन जायची. चिमण म्हणायचा, "ने, माझ्या झाडाचे आंबे ने." ती म्हणायची, "तुझ्या झाडाचे कशाला, माझ्या झाडाचे नेते." झालं! पाड्यावरची पोरं कामं टाकून ऐकायला यायची. आवाज चढला की चिमणच्या कानाजवळची शीर टरारून फुगायची. सांजेला मग कोंबडी कापली जायची, भावंडं एका ताटलीत जेवायची, आणि सकाळी भिकी टोपलीभर कैऱ्या डोक्यावर घेऊन निघायची. कापून वाळवून आंबोशी घालायला म्हणे. खरं तर आंबोशी सायवनच्या झाडांचीही झाली असती.

दोन हजार सोळाच्या श्रावणात ही बाई बांधावरून घसरली. भात लावून झालं होतं, पाणी अडलंय का ते बघायला गेली आणि चिखलात एका अंगावर पडली. खुब्याचं हाड मोडलं. तिला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणली, तिथून जीप करून डहाणूच्या दवाखान्यात. वाटभर ती झोळी धरणाऱ्यांना शिव्या देत होती, नीट धरा म्हणून. त्यामुळे सगळ्यांना धीर होता.

डॉक्टर तरुण, मनाचा चांगला. त्यानं फोटो काढून लाहू आणि जमनाला समोर बसवून सांगितलं, "हाडात खिळा बसवावा लागेल. त्यासाठी आजींना मोठ्या दवाखान्यात पाठवू. पण अंगात रक्त फार कमी आहे, एवढ्या कमी रक्तावर ऑपरेशन होणार नाही. गोळ्या देतोय. तुम्ही चांगलं खाऊ घाला, रक्त वाढलं की लगेच पाठवतो. तोपर्यंत पायाला वजन बांधून पडून राहायचं." उठता उठता तो म्हणाला, "आणि आनंदात ठेवा त्यांना. मनाला लागेल असं कुणी बोलू नका."

बोलला ते बरोबरच बोलला. पण ते बोलणं डहाणूहून जीपमध्ये बसून पाड्यावर पोचलं, आणि तिथं त्याचं काय झालं ते ऐका.

या पाड्यांवर एक रीत आहे. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं आणि आता काही उठत नाही असं दिसलं, की नातेवाईक गोड भेटीला जातात. त्याला आवडणारं काहीतरी घेऊन जायचं. हातानं पाणी पाजायचं. आणि जुनं भांडण असेल तर त्याच्या बाजूनं मिटवून टाकायचं, तुझंच खरं म्हणायचं. त्या घडीपासून त्या माणसाशी कोणी आवाज चढवत नाही. कशासाठी आलो हे कोणी सांगत नाही. सांगायला लागतच नाही. पडलेलं माणूस आयुष्यभर स्वतः अशा भेटींना जाऊन आलेलं असतं.

आता जमनाच्या डोक्यात गोड भेट वगैरे काही नव्हतं, हे मी आधीच सांगतो. तिच्या डोक्यात डॉक्टर होता. ती घराघरात जाऊन बजावत सुटली, "आयेला बघायला जाल तर गोड बोला. उलटं बोलायचं नाय. काय म्हणेल ते हो म्हणा." लोकांनी माना डोलावल्या. दोन गोष्टी दिसायला एकसारख्या आहेत, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. जमनाच्याही नाही.

दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात खिडकीजवळची खाट भिकीला मिळाली होती. पायाला दोरी, दोरीला वजन. लाहू रोज तिचा बरा पाय चेपत बसायचा. जन्मात कधी त्यानं आईचा पाय चेपला नव्हता. भिकी म्हणाली, "काय रे, काम नाय तुला?" तो म्हणाला, "तुझ्यापेक्षा काम मोठं हाय काय, आये?" भिकीनं पाय आखडून घेतला.

जमना डबा घेऊन आली. भिकीनं डाळीचा घास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "खारट."

"चुकलं आये."

भिकीनं तिच्याकडे बघितलं. डाळ खारट नव्हती, जमनाला पक्कं ठाऊक होतं. भिकी म्हणाली, "तुझ्या आईनं तुला काय शिकवलंच नाय."

माहेरावर गेलं की जमना तापलेल्या तव्यासारखी व्हायची, ते सासूला माहीत होतं. जमनाच्या ओठांवर शब्द आलाही. तिनं तो गिळला. पदर घट्ट धरला आणि म्हणाली, "बरं आये. तू म्हणशील तसं."

भिकी तिचं तोंड निरखत राहिली. मग चादर ओढून भिंतीकडे तोंड करून पडली. आणि जमना? जमना बाहेर व्हरांड्यात आली ती स्वतःवर खूश होऊन. लाहूला म्हणाली, "बघितलं, कसा राग आवरला मी? एक अक्षर उलटं बोलले नाय." लाहूनंही कौतुकानं मान हलवली. दोघांची अक्कल त्या दिवशी कुठं चरायला गेली होती देव जाणे.

पाड्यावरची माणसं येत राहिली. जिनं कोंबडी चोरल्याचा आळ भिकीवर घेतला होता ती बारकी आली, सोबत गुळाचा खडा, "कोंबडीचं जाऊ दे भिके, मुंगसानंच नेली असंल." भिकीच्या शेतात गुरं घालणारा शेजारी आला, हात जोडून गेला. भिकीचं बोलणं कमी कमी होत गेलं. सगळे म्हणाले, म्हातारी शांत झाली, बरं वाटतंय तिला.

जमनाला वाटलं, आता एकच राहिलं. भावाबहिणीचा वाद. तो मिटला की म्हातारीच्या मनात काही राहायचं नाही, आणि मग बघा कसं रक्त चढतं. तिनं चिमणमामाला फोन लावला.

चिमण भर पावसात आला. डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात बहिणीला आवडतात म्हणून भाजलेली चवळी. खाटेजवळ उभा राहिला, गडी रडवेला झाला होता. त्यानं पेल्यानं तिला पाणी पाजलं. आणि म्हणाला, "बाय, कोय तूच पुरली होतीस. झाड तुझंच."

जमना पायथ्याशी उभी होती. तिला वाटलं, सासूच्या तोंडावर आता हसू फुटणार. जन्मभर जे ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं की! भिकी भावाकडे बघत होती. तिच्या तोंडावरचा रंगच उतरला. ती म्हणाली, "बरं." एवढंच. आणि डोळे मिटून घेतले.

त्यानंतर डबा मात्र रोज रिकामा परत यायचा. पुसून लख्ख. जमना घरी सगळ्यांना दाखवायची. पण रक्त तपासलं तर ते वाढायच्या ऐवजी खाली आलेलं. डॉक्टर कोड्यात पडला, त्यानं गोळी बदलली. सिस्टर म्हणाली, "आजी, खाताय ना नीट?" भिकी म्हणाली, "खाते."

शेजारच्या खाटेवर डहाणू किनाऱ्याची रखमी होती, कोळीण, पाय प्लास्टरमध्ये. तिच्या खाटेशी दिवसभर भांडणं चालायची. लेकी मासळीच्या वाट्यावरून आईला बोलायच्या, आई लेकींना बोलायची. एक दिवस दुपारी जमना डबा धुवायला निघाली तेव्हा रखमीनं तिला खुणेनं जवळ बोलावलं.

"ए बाय, तुला सांगते, माझ्यावर रागावू नको. तुझा डबा तुझी सासू नाय खात. माझ्या पोरी खातात. ती म्हणते, मला आता काय करायचंय खाऊन, तुमच्या पोरींना द्या. मी पयल्यांदा नाय म्हटलं, पण ती ऐकते कुठं! अगं, तिच्या मनानं घेतलंय."

जमनाच्या हातातला डबा खणकन खाली पडला. ती तशीच खाटेपाशी गेली. लाहू तिथंच होता.

"आये, तू खात नाय?"

भिकीनं भिंतीकडची मान इकडे वळवली. आवाज अगदी हळू होता, आणि त्या हळू आवाजाचीच जमनाला भीती वाटली. "किती दिवस सांगितलेत डॉक्टरनी?"

"कसले दिवस?"

"माला काय येडी समजता? चिमण नमला. बारकी गूळ घेऊन आली. लाहू पाय चेपतो. आणि तू. तुझ्या आईवरून बोलले, तर तू माला 'बरं आये' म्हणालीस."

लाहू घाबराघुबरा झाला. "आये, तसं काय नाय गं! विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची शपथ घेतो. हाड मोडलंय, दुसरं काय नाय. तू बरी होणार."

"सगळे असंच सांगतात." भिकी छताकडे बघत होती. "मीपण सांगितलंय. तुझ्या बापाला. तो पडला होता तेव्हा रोज त्याच्याशी भांडायचे, औषध घे म्हणून, उठून बस म्हणून. मंग घरातले म्हणाले, आता गोड बोल. मी गोड बोलले. त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि त्याला कळलं. दुसऱ्या दिवसापासून पेजेला तोंड लावलं नाय त्यानं."

लाहूला बापाची ही गोष्ट कोणी कधी सांगितली नव्हती. त्यानं खाटेची लोखंडी पट्टी घट्ट धरली. जमनाच्या मात्र आता ध्यानात आलं. म्हणजे इतके दिवस आपण राग गिळत होतो, स्वतःची पाठ थोपटून घेत होतो, आणि ही बाई इकडे एकेक गोड शब्द मरणाच्या खात्यावर मांडत होती! जमनानं परोपरीनं सांगितलं, डॉक्टरलाही बोलावून आणलं. तो बिचारा खाटेवर बसून म्हणाला, "आजी, तुम्ही नक्की चालणार." भिकी त्याच्याशीही गोड बोलली. जेवढं गोड सांगावं तेवढी तिची खात्री पक्की होत होती. भिंतीकडे वळताना ती एवढंच म्हणाली, "मरणाऱ्याला दिलेलं कोणी परत घेत नाय. चिमणनं झाड दिलं माला."

हे वाक्य जमनाच्या डोक्यात बसलं. तिनं आधी स्वतः भांडून बघितलं, नाही असं नाही. म्हणाली, "डाळ खारट नव्हतीच, तुझ्या जिभेला चव नाय." पण वाक्य रडण्यात विरलं. भिकीनं उलट तिच्या डोक्यावरून हात फिरवला. झालं, आणखी बिघडलं!

दुसऱ्या दिवशी सकाळी लाहूला भिकीपाशी बसवून जमना निघाली. चारोटीला उतरली, हायवेवरनं तलासरी गाठली, तिथून वडापची जीप, पुढं चिखलातून चालत. चिमण पडवीत टोपली विणत बसला होता. तिला बघताच त्याच्या हातातली काडी खाली पडली. "गेली काय?"

"नाय गेली. पण तू न्यायला निघालायस तिला, मामा."

सगळं ऐकून चिमण खांबाला टेकला. "मी तर चांगल्यासाठी बोललो गं."

"मीच तुला बोलावलं. माझीच अक्कल गेली होती. आता चल आणि शब्द परत घे. झाड माझं म्हणून सांग."

"ते कसं व्हायचं?" चिमण एकदम घाबरला. "गोड भेटीत दिलेलं परत घेतलं असं कोणी केलंय काय आजपातूर? पडलेल्या बहिणीशी जाऊन भांडू? पाड्यावर तोंड दाखवायला जागा राहील काय माला? लोकं थुंकतील."

"थुंकू देत."

"आणि खरं सांगू काय?" तो विहिरीकडे बघत म्हणाला. "माला आठवतच नाय कोय कोणी पुरली. तिनं पुरली असंल. दोघांनी पुरली असंल. माला एवढंच आठवतं की ती बाजूला होती."

जमनाला त्याची दया आली, पण ती दया करायची वेळ नव्हती. ती म्हणाली, "मामा, तू तिला झाड दिलंस आणि भाऊ काढून घेतलास. ती वैशाखात टोपली घेऊन येते ती काय कैऱ्यांसाठी? आता तिला वाटतं, पुढचा वैशाख नाय. म्हणून सगळं तिच्या पदरात टाकून मोकळे झालो आपण."

चिमणनं टोपली बाजूला सारली, खुंटीवरचा सदरा काढला आणि म्हणाला, "भांडायला सुरुवात तीच करते. माला सुरुवात करता येत नाय." जमना म्हणाली, "वाटेत शिक." आणि दोघं निघाली.

दवाखान्यात भेटायची वेळ झाली होती. चिमण खाटेशी जाऊन उभा राहिला. हात कुठं ठेवावे ते त्याला कळेना. शेवटी त्यानं ते मागं बांधले, आणि शाळेतल्या पोरानं कविता म्हणावी तसा म्हणाला, "भिके, कोय मी पुरली होती. झाड माझं हाय."

भिकीनं डोळे उघडले. "काय?"

"त्या दिवशी बोललो ते खोटं. तू नुसती बघत होतीस."

वॉर्डातल्या बायकांनी माना वळवल्या. कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. रखमीची लेक तर चिडून उठायला लागली, "काय माणूस हाय का कोण, आजारी बाईला..." रखमीनं तिला दंड धरून खाली बसवली.

"दिलेलं झाड परत घेतोस?" भिकीचा आवाज घोगरा होता, पण चढायला लागला होता.

"माझं होतं, घेतलं."

"लाज नाय वाटत? सगळ्यांच्या देखत पाणी पाजलंस ना माला?"

"पाणी पाजलं. झाड नाय पाजलं." हे वाक्य चिमणला कुठून सुचलं त्यालाच माहीत. "आणि वैशाखात आलीस तर माला विचारून हात लाव. नायतर एक कैरी नाय मिळायची."

"तुला विचारून?" भिकीनं कोपरांवर जोर दिला, दोरीचं वजन हललं. "अरे नाकात शेंबूड होता तुझ्या तेव्हा! पोहरा उचलत नव्हता तुला! मी पाणी घातलं त्या झाडाला, मी! बकऱ्या हाकलल्या! आणि तुला विचारून?"

"हो, विचारून."

"येते थांब वैशाखात. टोपली नाय, पोतं घेऊन येते. बघते कोण अडवतो!"

सिस्टर धावत आली. "आजी, अहो हळू! हा वॉर्ड आहे!" भिकी तिच्याकडे न बघताच म्हणाली, "तू मधी पडू नको बाय, हा घरातला विषय हाय." सिस्टर हसली, चिमणला म्हणाली, "मामा, तुम्ही जा आता." आणि जाताना तिनं दोरीचं वजन पुन्हा नीट केलं.

चिमण बाहेर गेला. व्हरांड्यात बाकावर बसून तो तोंडात पंचा धरून ढसाढसा रडला, लाहू त्याच्या पाठीवर हात ठेवून बसला. आत भिकी धापा टाकत होती. जमना तिच्यासाठी पाणी ओतत होती.

"तू आणलास त्याला," भिकी म्हणाली.

जमनानं पेला पुढं केला.

"नाटक करत होता मेला. भांडताना त्याच्या कानाजवळची शीर फुगते. आज फुगली नाय."

जमनाला वाटलं, सगळं फुकट गेलं म्हणायचं. एवढी पायपीट, म्हाताऱ्याची लाज, सगळं. ती काही बोलणार तेवढ्यात भिकी छताकडे बघत म्हणाली, "पण एवढ्या पावसात, एवढ्या लांबनं, दिलेला शब्द मोडून माणूस मरणाऱ्याशी भांडायला येत नाय. नाय ना येत, जमने?"

"नाय येत, आये."

"मंग आण डबा. डाळ खारट असली तरी आण."

"खारट नाय," जमना म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज या वेळी ठणठणीत निघाला. "त्या दिवशीपण नव्हती. आणि माझ्या आईवरून पुन्हा बोललीस तर डबा घेऊन घरी जाईन, सांगून ठेवते."

भिकीनं घास घेतला. चावत चावत म्हणाली, "आता जरा माणसासारखी बोललीस." रखमीच्या पोरींना त्या दिवशी काही मिळालं नाही.

रक्त काही एका दिवसात वाढत नाही. पण वाढलं. भिकीला मोठ्या दवाखान्यात नेली, खुब्यात खिळा बसला, भात कापणीच्या सुमाराला ती काठी टेकत अंगणात आली आणि पहिलं काय केलं, तर खुराड्याची जागा बदलली म्हणून सुनेवर डाफरली. वैशाखात खरंच पोतं घेऊन गेली. लाहूच्या मोटारसायकलवर मागं बसून, काठी बंदुकीसारखी आडवी धरून. चिमणच्या कानाजवळची शीर त्या दिवशी अशी काही फुगली की विचारू नका. पुढच्या वर्षीही गेली, त्याच्या पुढच्याही.

दोन हजार एकोणीसचा वैशाख मात्र वेगळा निघाला. आंबे उतरायच्या आधीच चिमणला लकवा झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तलासरीला दवाखान्यात ठेवलं होतं. भिकी आणि जमना पोचल्या तेव्हा खाटेभोवती नातेवाईक उभे होते. एकाच्या हातात केळी, एकाच्या हातात पाण्याचा पेला. सगळे हळू बोलत होते. चिमणचा डावा हात चादरीवर नुसता पडला होता आणि डोळे भिंतीकडे लागले होते. त्याची सून हलक्या आवाजात म्हणाली, "आते, डॉक्टर म्हणतात सुधारतील, व्यायाम केला तर. पण ते हातच हलवत नायत. तुम्ही जरा गोड बोला त्यांच्याशी."

भिकी आधी चिमणच्या पाड्यावर विहिरीपाशी उतरून आली होती, त्यामुळेच उशीर झाला होता. ती काठी टेकत पुढं झाली. पेलावाल्याला कोपरानं बाजूला सारला. ओच्यातून एक हिरवी कैरी काढली आणि भावाच्या बऱ्या हातात, पंजा उघडून, ठेवली.

"ही बघ," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "न विचारता तोडली. माझ्या झाडाची हाय. कोय मी पुरली होती, तू नुसता बघत होतास. बोल आता, काय बोलायचंय ते."

एक म्हातारी "काय ही बाई" म्हणून पुटपुटली. चिमणच्या सुनेनं तोंडावर हात ठेवला. जमना पायथ्याशी उभी होती आणि तिची नजर एकाच जागी होती. चिमणचे डोळे भिंतीवरून सरकत बहिणीवर आले. ओठ एका बाजूला ओढले गेले, काहीतरी घरघरलं, पुन्हा घरघरलं. त्याची डावी बोटं कैरीभोवती हळूहळू वळली.

"काय म्हणतात?" सून खाली वाकली.

भिकीला कळलं होतं. तिनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं आणि भावाच्या कानाजवळ बोट दाखवून जमनाला म्हणाली, "फुगली बघ. माझी म्हणतोय, लबाड कुठला. जा, पेज घेऊन ये त्याच्यासाठी."